वाऱ्यात हेलिकॉप्टरच्या पात्यांचं काय होतं? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात विमान हवेत का हादरतं याचं उत्तर दिलं होतं, थोडक्यात असं की हवेत वर-खाली जाणारे झोत असतात, ते पंखाला लागले की विमान उचललं जातं किंवा खाली बसतं, पंख वाकतो पण मोडत नाही. त्यावर बऱ्याच जणांनी लिहिलंय की विमानाचं ठीक आहे हो, त्याचा पंख एका जागी तरी असतो, हेलिकॉप्टरचा पंखच गरगर फिरतोय, त्याचं टर्ब्युलन्समध्ये, म्हणजे अशा हादरवणाऱ्या हवेत, काय होत असेल? शंका रास्त आहे, म्हणून यावेळी सगळी जागा तिलाच दिलीय.

नाशिकच्या एक काकू लिहितात: केदारनाथला फाटा नावाच्या गावाहून हेलिकॉप्टरने गेलो. बाजूला एक बंद हेलिकॉप्टर उभं होतं, त्याची पाती चक्क खाली लोंबत होती! वर गेल्यावर मध्येच जोरात हिसके बसले, मी डोळे मिटून जप करत होते. इतकी लवलवीत पाती वाऱ्यात तुटत कशी नाहीत?

काकू, जप चालू ठेवा, पण पात्यांसाठी नको, त्यांचं बरं चाललेलं असतं. पातं लोंबतं कारण ते लांब, सडपातळ आणि मुद्दाम लवचिक ठेवलेलं असतं, आणि फिरायला लागल्यावर ते सरळ होतं ते स्वतःच्या ताठपणामुळे नाही तर फिरण्यामुळे. गोफणीची दोरी नुसती हातात धरली तर लोंबते आणि गरगर फिरवली की ताठ होते, तसंच. आपल्या एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या) ध्रुव हेलिकॉप्टरचे आकडे घ्या, रोटरचा म्हणजे फिरणाऱ्या पात्यांच्या चकतीचा व्यास १३.२ मीटर आणि मिनिटाला ३१४ फेरे. हिशोब मांडला तर पात्याचं टोक ताशी ७८० किलोमीटरच्या आसपास पळत असतं, आणि टोकाशी एक किलोचा तुकडा असेल तर तो बाहेरच्या बाजूला सातशे किलोंहून जास्त वजनाएवढा ताण देतो. एवढ्या ताणाखाली असलेल्या पात्याला वाऱ्याने वाकवायचं म्हणजे या सगळ्या ओढीच्या विरुद्ध वाकवायचं.

आता खालून वर सेकंदाला ५ मीटरचा झोत आला असं धरू, म्हणजे चांगलाच हिसका. पात्याचं टोक सेकंदाला २१७ मीटरने पळतंय, त्यामुळे त्याला हवा येण्याचा कोन फक्त सव्वा अंशाच्या थोडा वर बदलतो. तोच झोत सेकंदाला ६० मीटरने चाललेल्या छोट्या विमानाच्या पंखाला लागला तर कोन जवळजवळ पावणेपाच अंशांनी बदलेल. पातं वाऱ्यापेक्षा इतकं जोरात पळतं की वाऱ्याचा बराचसा जोर तिथेच बोथट होतो. म्हणून एकाच वाऱ्यात, साधारण एवढ्याच वजनाच्या छोट्या विमानापेक्षा हेलिकॉप्टर बऱ्याचदा कमी आपटतं, लोकांना हे पटत नाही पण आहे तसंच.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पातं वाऱ्याशी कुस्ती खेळतच नाही, झोत आला की ते वर उचललं जातं, आणि वर जाता जाता त्याला लागणारा हवेचा कोन आपोआप कमी होतो, म्हणजे जोर ओसरतो. ही युक्ती स्पेनच्या हुआन दे ला सिएर्व्हाची. त्याने १९२० च्या सुमारास ऑटोजायरो बनवायला घेतले, म्हणजे पुढे ओढायला विमानासारखा पंखा आणि डोक्यावर हवेनेच फिरणारा रोटर असलेली यंत्रं, पहिली यंत्रं जमिनीवरच कलंडायची, कारण पुढे जाताना एका बाजूचं पातं वाऱ्यावर चालून जातं आणि दुसऱ्या बाजूचं वाऱ्याबरोबर मागे जातं, तेव्हा एकीकडे उचल जास्त नि दुसरीकडे कमी. गंमत म्हणजे त्याचं लहान मॉडेल मात्र छान उडायचं, कारण मॉडेलची पाती लवचिक होती! मग त्याने पात्याच्या मुळाशी बिजागरी बसवली, पातं वर-खाली मोकळं केलं, आणि जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ गेताफेला त्याचा सी-४ नीट उडाला. चेतक-चीता, एमआय-१७ या हेलिकॉप्टरांच्या रोटरला अशा खऱ्या बिजागऱ्या आहेत, ध्रुवला नाहीत, तिथे मुळाजवळचा फायबरचा भागच वाकतो आणि बिजागरीचं काम करतो.

तुम्हाला बसलेले हिसके हे पाती उचलली गेल्यावर त्यांच्यामागोमाग सगळं हेलिकॉप्टर वर-खाली झाल्याचे. हेलिकॉप्टर डिझाइन करतानाच सेकंदाला ९.१ मीटरचा उभा झोत सोसायला हवा असा अमेरिकन नियम आहे, अगदी एका जागी तरंगत असतानासुद्धा, आणि त्यावर पुन्हा सुरक्षेचा फॅक्टर असतो तो वेगळाच.

छत्रपती संभाजीनगरचा एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी विचारतो: सर वर्गात म्हणाले की टर्ब्युलन्स रँडम असतो, त्याला ताल नसतो. पण पात्यावर मोजलेल्या लोडच्या ग्राफमध्ये फेरीला एकदा, दोनदा, तीनदा अशा ठिकाणी सुळके दिसतात. रँडम वाऱ्यातून ताल आला कुठून?

तुझे सर बरोबर आहेत आणि ग्राफही बरोबर आहे. सर जमिनीवर उभे राहून वारा बघतायत आणि ग्राफ पात्यावर बसून बघतोय, एवढाच फरक.

असं समज की ध्रुव एका जागी तरंगतोय, वारा सेकंदाला १० मीटर आहे आणि त्या वाऱ्याबरोबर पाचेक मीटरचा एक भोवरा वाहत आलाय. १३ मीटरची रोटरची चकती पार करायला त्याला साधारण सव्वा सेकंद लागेल, तेवढ्यात रोटरच्या सातेक फेऱ्या होतात, पाती चार, म्हणजे तोच एक भोवरा पंचवीसेक वेळा कापला जातो. हवेच्या दृष्टीने ही एकच घटना, पण प्रत्येक पात्याला तिथून जाताना दर फेरीला एक ठोका बसतो, त्याच जागी, पुन्हा पुन्हा. म्हणून वारा बेताल असला तरी पात्याला मार तालात बसतो आणि तुझ्या ग्राफला सुळके येतात. पुढे उडतानाही तेच, सेकंदाला ५० मीटरने चाललं तर एका पात्यानंतर दुसरं पातं येईपर्यंत हेलिकॉप्टर जेमतेम अडीच मीटर पुढे सरकतं, तेव्हा ५० मीटरचा भोवरा वीसेक वेळा चिरला जाणार. साताऱ्याजवळ चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या बघितल्या असशील, त्यांच्या पात्यांचा प्रश्नही हाच, फक्त फिरणं फार संथ, आणि शिवाय वर वारा जास्त नि खाली कमी असतो त्यामुळे अगदी शांत दिवशीसुद्धा दर फेरीला एक ठोका ठरलेला.

आता यात एक भीतीदायक गोष्ट आहे. पात्याची वर-खाली डोलायची जी नैसर्गिक गती असते तीही साधारण फेरीला एकदा एवढीच असते, म्हणजे ठोके नेमके त्याच तालात पडतायत! पुस्तकातला रेझोनन्स आठवला असेल, झोक्याला त्याच्याच तालात ढकललं की झोका वाढत जातो तो. मग पातं अधिकाधिक डोलत मोडत का नाही? कारण हवाच त्याला आवरते, सपाट पातं वर-खाली जाताना हवेला ढकलतं आणि हे डॅम्पिंग इतकं जबरदस्त असतं की एकदा दिलेला धक्का साधारण एका फेरीत, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात विरून जातो. डॅम्पिंगच्या बाबतीत एवढं नशीबवान यंत्र माझ्या तरी बघण्यात नाही.

पात्यावर काय चाललंय आणि आत बसलेल्या माणसाला काय कळतं यात मात्र बरंच अंतर आहे. उभ्या धक्क्यांपुरतं बोलायचं तर चार पात्यांच्या रोटरमध्ये फेरीला एकदा-दोनदा-तीनदा येणारे धक्के हबमध्ये, म्हणजे पाती जोडलेल्या मधल्या भागात, एकमेकांना खाऊन टाकतात आणि फेरीला चार वेळाचा धक्का तेवढा खाली उतरतो, ध्रुवच्या फेऱ्यांनुसार तो सेकंदाला २१ वेळा. म्हणून ध्रुवमध्ये गिअरबॉक्स आणि बॉडीच्या मध्ये एक आयसोलेटर घातलाय, तो ही गुणगुण अडवतो. पण ही वजाबाकी चारही पात्यांना सारखंच लागलं तरच पूर्ण होते, आणि खऱ्या वाऱ्यात पहिलं पातं गेल्यावर दुसरं येईपर्यंत भोवरा थोडा बदललेला असतो, म्हणून काहीतरी शिल्लक उरतं आणि ते सीटखाली जाणवतं.

प्रोजेक्टसाठी काही शोधत असशील तर नासा आणि अमेरिकन आर्मीने १९९३-९४ मध्ये ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरच्या एका पात्यात २४२ प्रेशर सेन्सर बसवून उड्डाणं केली होती, पात्यावर हवेचा दाब क्षणाक्षणाला कसा बदलतो यासाठी तो डेटा आजही वापरतात. वाचायला घेतलास की एक गोष्ट लगेच लक्षात येईल, अगदी शांत हवेतसुद्धा पात्याला शांतता नसते. सेकंदाला ६० मीटरने पुढे जाणाऱ्या ध्रुवच्या पात्याच्या टोकाला एका बाजूला सेकंदाला २७७ मीटरची हवा लागते आणि अर्ध्या फेरीनंतर दुसऱ्या बाजूला १५७ ची, हे सेकंदाला पाच वेळा. टर्ब्युलन्स हा त्यावरचा वरखर्च आहे.

मग अडचण येते कुठे, तर जिथे खिसा आधीच रिकामा असतो तिथे. मागे जाणाऱ्या बाजूला पात्याच्या मध्यावर हवा सेकंदाला फक्त ४८ मीटर उरते, तिथे तोच ५ मीटरचा झोत आला की कोन सहा अंशांनी वाढतो. त्या बाजूला उचल टिकवायला पातं आधीच मोठ्या कोनात असतं, त्यात ही सहा अंशांची भर पडली की हवा पृष्ठभाग सोडते आणि उचल जाते, म्हणजे पातं स्टॉल होतं. हेलिकॉप्टर थरथरतं, नाक वर करतं आणि त्या बाजूला कलू लागतं. यावर उपाय साधा आहे, स्पीड कमी करा, दोन्ही बाजूंमधला फरक कमी होतो. म्हणून खराब हवा आली की पायलट हळू होतो, प्रवाशांना वाटतं घाबरला. सरांना ग्राफ दाखव आणि काय म्हणाले ते कळव.

उरणहून एक वाचक लिहितात: मी मुंबई हायवर, समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर, ड्युटी करतो, जुहूहून हेलिकॉप्टरने जाणं-येणं. समुद्रावर सगळं मऊ असतं पण प्लॅटफॉर्मवर उतरताना नेमकं हादरतं. आणि इंजिन बंद करायला घेतलं की कोणालाही जवळ जाऊ देत नाहीत, पाती हळू झालेली असताना तर उलट धोका कमी ना?

दादा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण तिथे तुमचा अंदाज बरोबर उलटा आहे. पात्याला ताठ ठेवणारी ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या हिशोबात कमी होते, फेरे पाव झाले की ओढ सोळावा हिस्सा. म्हणजे फुल स्पीडला जे पातं वाऱ्याला दाद देत नव्हतं तेच बंद होताना ढिलं पडतं, आणि हवेचं डॅम्पिंगही फेऱ्यांबरोबर गेलेलं असतं. अशा वेळी डेकच्या कडेवरून वर चढणारा वाऱ्याचा झोत आला तर एका बाजूला पातं खूप वर उचललं जातं आणि दुसऱ्या बाजूला तेवढंच खाली येतं, कधी माणसाच्या डोक्याच्या उंचीला, कधी स्वतःच्याच शेपटीवर. याला ब्लेड सेलिंग म्हणतात. जहाजांवर हा जुना त्रास आहे, अमेरिकन नौदलाच्या दोन रोटरवाल्या सी नाइट हेलिकॉप्टरच्या पात्यांनी रोटर सुरू किंवा बंद करताना स्वतःच्याच पाठीवर आपटल्याच्या बऱ्याच घटना आहेत. म्हणून पातं ठराविक मर्यादेखाली जाऊ नये यासाठी हबमध्ये स्टॉप असतात, रोटर ब्रेक असतो, आणि किती वाऱ्यापर्यंत रोटर चालू-बंद करायचा याची मर्यादा मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते. तेव्हा डेकवरचा माणूस हात दाखवून थांबवतो तेव्हा थांबा, घाई करणाऱ्यांनाही थांबवा.

आता उतरतानाचं हादरणं. उघड्या समुद्रावर वाऱ्याला अडवायला काही नसतं, मुंबईपासून १६० किलोमीटर तो मोकळाच येतो आणि मग अचानक त्याच्या वाटेत तुमचा प्लॅटफॉर्म उभा राहतो, क्रेन, डेरिक म्हणजे विहीर खोदायचा मनोरा, राहायच्या खोल्या, सगळं कोनाकोपऱ्यांचं. प्रत्येक कोपऱ्यामागे भोवरे सुटतात, साधारण हेलिकॉप्टरच्या रोटरच्याच मापाचे, आणि हेच माप सगळ्यात वाईट. भोवरा खूप मोठा असेल तर अख्खं हेलिकॉप्टर त्याच्याबरोबर सावकाश वर-खाली होतं, अगदी लहान असेल तर पात्यावर इथे-तिथे लागून मिटून जातो, पण रोटरएवढा असेल तर चकतीच्या एका अर्ध्याला उचलतो आणि दुसऱ्याला दाबतो, हेलिकॉप्टर कलतं, पायलटला सारखं सावरावं लागतं, आणि हे नेमकं तिथे जिथे डेक जवळ आलाय आणि स्पीड उरलेला नाही. शिवाय गॅस टर्बाइनचा गरम धूर. गरम हवा पातळ, त्यात रोटर शिरला की उचल एकदम कमी होते. ब्रिटनच्या विमान वाहतूक प्राधिकरणाने समुद्रातल्या हेलिडेकसाठी जे मार्गदर्शन काढलंय त्यात या दोन्हींसाठी आकडे आहेत, हवेच्या उभ्या चढ-उताराचं प्रमाणित विचलन, म्हणजे सरासरीपासून इकडे-तिकडे होण्याचं माप, सेकंदाला १.७५ मीटरच्या आत हवं, आणि आसपासच्या हवेपेक्षा २ अंश सेल्सिअसहून जास्त तापमान वाढत असेल तर ते विचारात घ्यायलाच हवं. दोन अंश म्हणजे आपल्याला कळणारसुद्धा नाहीत, रोटरला कळतात.

कोल्हापूरचे एक काका काळजीत आहेत: मुलगा न्यूझीलंडला हेलिकॉप्टर शिकतोय, दोन पात्यांचं आहे. कोणीतरी सांगितलं की डोंगराच्या वाऱ्यात दोन पात्यांची हेलिकॉप्टरं हवेतच तुटतात. खरं आहे का?

काका, खोटं सांगून धीर देणार नाही. पूर्ण खरं नाही, पण आग आहे म्हणूनच धूर आहे. रॉबिन्सनची आर-२२, आर-४४, जुनी बेल २०६, व्हिएतनामवाली ह्युई, या सगळ्यांच्या रोटरला दोनच पाती आणि ती मधल्या बिजागरीवर एकत्र डोलतात, एक वर गेलं की दुसरं खाली. हेलिकॉप्टरची बॉडी या रोटरखाली अक्षरशः टांगलेली असते, रोटर कलवला की बॉडी मागोमाग येते, पण कधी, तर रोटरवर वजन असेल तेव्हा. वाऱ्याचा खालच्या दिशेचा झोत आला किंवा पायलटने हातातला कंट्रोलचा दांडा पुढे ढकलला आणि क्षणभर सगळं हलकं झालं, आपल्याला पोटात खड्डा पडल्यासारखं होतं तेव्हा, तर टांगलेल्या बॉडीला रोटर ओढूच शकत नाही. शेपटीचा छोटा रोटर मात्र आपलं ढकलणं चालूच ठेवतो, त्यामुळे बॉडी एकदम उजवीकडे कलायला लागते. नवशिक्याचा हात काय करणार, दांडा डावीकडे. रोटर डावीकडे कलतो, बॉडी उजवीकडेच जातेय, आणि हबचा खालचा भाग रोटर ज्यावर बसतो त्या खांबावर म्हणजे मास्टवर आपटतो. हेच मास्ट बंपिंग, आणि नशीब वाईट असेल तर मास्टच तुटतो किंवा पातं केबिनमध्ये शिरतं.

बघा, यातही पातं वाऱ्याने मोडत नाही. वारा फक्त वजन काढून घेतो, उरलेलं काम चुकीच्या दिशेने हललेला हात करतो. म्हणूनच अमेरिकेने १९९५ मध्ये आर-२२ आणि आर-४४ च्या पायलटांना खास ट्रेनिंग सक्तीचं करणारा वेगळा नियम काढला, आणि न्यूझीलंडच्या अपघात तपास आयोगाने २०१६ मध्ये रॉबिन्सनच्या मास्ट बंपिंगचा विषय आपल्या चिंतेच्या यादीत टाकला. तिथे डोंगर, वारा आणि ही छोटी हेलिकॉप्टरं, तिन्ही भरपूर. रॉबिन्सन कंपनीची स्वतःची सूचनाही आहे, जोराच्या वाऱ्यात पॉवर कमी करा, नेहमीपेक्षा हळू उडा, बेल्ट घट्ट करा म्हणजे स्वतःच्याच हादऱ्याने हात हलणार नाही, आणि प्रत्येक धक्क्याला उत्तर द्यायला जाऊ नका. आणि अंग हलकं झालंच, ज्याला लो-जी म्हणतात, तर आधी दांडा हळूच मागे घ्यायचा, रोटरवर वजन आणायचं, मग कलणं सरळ करायचं. हे क्रमाने. मुलाला फोनवर सहज विचारा, "लो-जी झालं तर पहिलं काय करतोस?" विचार न करता "मागे" म्हणाला तर निर्धास्त झोपा. आणि वारा आहे म्हणून आज उडलो नाही असं सांगितलं तर कौतुक करा, पैसे फुकट गेले म्हणून बोलू नका प्लीज.

तीन-चार पात्यांच्या हेलिकॉप्टरांना हा त्रास असा होत नाही, विशेषतः बिजागरी नसलेल्या रोटरमध्ये पातं हबला सरळ पिळू शकतं, वजन नसतानाही ताबा राहतो. किंमत एवढीच की तोच पीळ धक्केही थेट खाली पोचवतो, हादरे जरा टोकदार लागतात. मला विचाराल तर टोकदार हादरे परवडले.

पुण्याचा एक ट्रेकर: पावसाळ्यात घाटात कोणी अडकलं की लोक म्हणतात हेलिकॉप्टर बोलवा, आणि उत्तर येतं हवामान बरोबर नाही. पाऊस थांबलेला असतो तरी! नुसत्या वाऱ्याला एवढं काय घाबरायचं?

नाणेघाटात उलटा धबधबा बघितलाय ना? खाली पडणारं पाणी वारा उचलून परत माथ्यावर फेकतो. त्या कड्यापाशी हवा केवढ्या जोरात वर चाललीय याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे, आता तिथेच हेलिकॉप्टर एका जागी धरून दोरीने माणूस उचलायचाय असं डोळ्यासमोर आण. कड्याला लागून वर जाणारा झोत, माथ्यावर पाच-दहा मीटर आत गेलं की उलटे फिरणारे भोवरे, आणि कुठल्याही खिंडीमागे किंवा सुळक्यामागे खाली कोसळणारी हवा. सेकंदाला ५ मीटरने खाली जाणारी हवा म्हणजे मिनिटाला ३०० मीटर, एवढं नुसतं जागेवर राहायला चढावं लागेल, आणि माणसं भरलेल्या हेलिकॉप्टरकडे तेवढी पॉवर शिल्लक असेलच असं नाही. इथे पातं मोडत नाही की स्टॉलसुद्धा होत नाही, नुसती हवा खाली जाते आणि हेलिकॉप्टर तिच्याबरोबर जातं. त्यात कडा पात्यापासून दहा मीटरवर आणि ढग अर्ध्या मिनिटात येतो-जातो. पायलट नाही म्हणाला तर त्याच्यावर चिडून उपयोग नाही, दोरवाली पथकं पायी जातात ती उगाच नाही.

उंचावर हे आणखी घट्ट होतं. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर, तिथे हवा समुद्रसपाटीच्या ७० टक्के. तेवढंच वजन उचलायला पातं जास्त कोनात ठेवावं लागतं म्हणजे स्टॉलपासूनचं अंतर आधीच कमी झालं, इंजिनही कमी दमाचं झालेलं, आणि वर ज्या डॅम्पिंगचं कौतुक केलं तेही हवेच्या घनतेबरोबर ७० टक्क्यांवर आलेलं. शिवाय ऊन चढलं की उतार तापतात, दरीतून वारा वर चढायला लागतो आणि दुपारपर्यंत तो चांगलाच बिथरतो. म्हणून डोंगरातले पायलट सकाळ धरून असतात.

पण तोच वर जाणारा झोत ज्याला वाचता येतो त्याच्या कामालाही येतो. १४ मे २००५ ला दिदिए देलसाल या फ्रेंच पायलटने एएस-३५० जातीचं हेलिकॉप्टर थेट एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकवलं आणि तीन मिनिटं पन्नास सेकंद तिथे राहिला. तीनच पाती, हबमध्ये बिजागऱ्यांऐवजी फायबरग्लासची तीन हातांची चांदणी आणि रबराच्या थरांचे बेअरिंग. वाऱ्याची बाजू आधी ओळखून त्याच बाजूने डोंगराला भिडायचं, हा त्या धंद्यातला पहिला धडा.

अमरावतीचा एक शाळकरी वाचक: माझं ड्रोन वाऱ्यात का भरकटतं? त्याची पाती तर वाकतसुद्धा नाहीत.

तुझ्या ड्रोनची पाती आखूड आणि कडक आहेत, ती उचलली जाऊन धक्का पचवत नाहीत. सगळं सावरायचं काम मोटरींचा स्पीड सेकंदाला शेकडो वेळा कमी-जास्त करणारा कंट्रोलर करतो. आणि ड्रोन स्वतःच एवढं हलकं की मैदानातला साधा भोवराही त्याच्या मानाने डोंगराएवढा. शाळेच्या इमारतीमागे उडवू नकोस, मोकळ्यात ने.

जळगावहून: असं सारखं हादरून पाती थकत नाहीत का? कधी बदलतात?

थकतात, आणि टर्ब्युलन्स नसला तरी थकतात. मिनिटाला ३१४ फेरे म्हणजे तासाला १८,८४० वेळा वाकणं-सरळ होणं, हजार तासांत १ कोटी ८८ लाख वेळा. म्हणून धातूच्या पात्याला तासांची मर्यादा ठरलेली असते, दिसायला नवंकोरं असलं तरी तास भरले की निवृत्त. ही मर्यादा ठरवताना किती वेळ शांत हवेत, किती वेळ वळणात, किती वेळ झोतात असा सगळा हिशोब धरलेला असतो, आणि एखाद्या उड्डाणात फारच जोरात आपटलं तर पायलट तशी नोंद करतो, मग वेगळी तपासणी होते. फायबरची पाती या बाबतीत बरी, त्यात चीर एकदम पळत नाही, थर हळूहळू सुटतात आणि बहुतेक वेळा आधी कळतं.

धातूच्या पात्यातली चीर मात्र डोळ्यांना दिसेल याची खात्री नसते, म्हणून एक फार आवडती युक्ती आहे. एमआय-८ आणि एमआय-१७ च्या पात्याचा मुख्य कणा पोकळ असतो, त्यात दाबाने हवा भरून ठेवतात, आणि मुळाशी एक छोटा इंडिकेटर. कण्याला केसाएवढी चीर गेली तरी हवा गळते, दाब उतरतो आणि इंडिकेटरमध्ये लाल रंग वर येतो. सिकॉर्स्की कंपनीच्या सी किंग हेलिकॉप्टरमध्ये हेच नायट्रोजन भरून करतात. उड्डाणाआधी कोणी वर चढून पात्यांच्या मुळाशी एकेक करून डोकावताना दिसलं तर बऱ्याचदा तो हा लाल रंगच शोधत असतो, आणि एका जरी पात्यावर दिसला तरी ते हेलिकॉप्टर त्या दिवशी जागचं हलत नाही.